४,२९,४९,६७,२९७ : या संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरांसाठी शालेय बीजगणित पुरेसे आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, कारण येथील जवळजवळ प्रत्येक विधान वाचकाला स्वतःच्या हाताने पडताळता येते, आणि या संख्येची खरी ओळख तशीच होते. २^३२ अशा लेखनात ^ या चिन्हानंतरचा अंक हा घातांक समजावा.

ही संख्या कशी वाचावी आणि ती येते कोठून?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनची दुप्पट, तिची दुप्पट असे करत दोनचा बत्तिसावा घात काढला की ४,२९,४९,६७,२९६ मिळतात. त्यात एक मिळवला की आपली संख्या तयार होते. म्हणजेच ती २^३२ + १ आहे. तिच्या एककस्थानी ७ का आहे, हेही यातूनच कळते. घातांकाला ४ ने भाग जात असेल तर दोनच्या घाताचा शेवटचा अंक नेहमी ६ असतो, आणि ३२ ला ४ ने भाग जातो.

तिला फर्मा संख्या का म्हणतात?

सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ अशी मालिका विचारात घेतली. या मालिकेत घातांक प्रत्येक पायरीला दुप्पट होतो. पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या आहेत, आणि पाचही मूळ संख्या आहेत. मोजणी शून्यापासून करण्याची प्रथा असल्याने ६५,५३७ ही चौथी फर्मा संख्या ठरते आणि आपली संख्या पाचवी.

घातांक १, २, ४, ८, १६ असेच का घ्यायचे, असा प्रश्न येथे हमखास येतो. घातांकाला एकाहून मोठा विषम अवयव असेल, तर दोनच्या घातात एक मिळवून येणारी संख्या मूळ असूच शकत नाही, हे त्याचे कारण. उदाहरणार्थ २^६ + १ म्हणजे ४^३ + १, आणि घनांच्या बेरजेच्या सूत्रानुसार तिला ४ + १ म्हणजे ५ ने भाग जातोच; ६५ = ५ × १३. म्हणून या प्रकारच्या मूळ संख्या शोधायच्या असतील, तर जिचा घातांक स्वतःच दोनचा घात आहे अशी संख्याच तपासावी लागते.

ही संख्या मूळ आहे का?

नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

मात्र हे कळायला जवळजवळ शतक जावे लागले. १६४० मध्ये फर्मा यांनी आपल्या पत्रव्यवहारात असे मत मांडले की या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळ असावी. आपल्याजवळ सिद्धता नाही हे त्यांनी लपवले नाही, पण त्यांचा विश्वास दृढ होता. १६५४ मध्ये पास्कल यांना लिहितानाही त्यांनी हाच विषय काढला. पुढे १ डिसेंबर १७२९ रोजी ख्रिश्चन गोल्डबाख यांनी सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण लिओनार्ड ऑयलर यांना पत्र लिहून फर्मा यांच्या या विधानाकडे लक्ष वेधले. ऑयलर यांनी १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पाचव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले, आणि ते विधान मोडले.

पाच उदाहरणे जुळली म्हणून सहावे जुळेलच असे नाही, हे गणित शिकवताना आपण वारंवार सांगतो. त्यासाठी याहून चांगला दाखला मला माहीत नाही, कारण येथे फसगत झाली ती फर्मा यांच्यासारख्या माणसाची.

भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे कसे पटवून घ्यावे?

यासाठी ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहावी. पहिला प्रकार असा: ६४१ = ६४० + १, आणि ६४० = ५ × २^७. दुसरा प्रकार असा: ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. या दुसऱ्या रूपावरून १६ = ६४१ − ५^४ हे मिळते.

आता २^३२ ही संख्या १६ × २^२८ अशी मांडून १६ च्या जागी ६४१ − ५^४ ठेवावे. मग २^३२ = ६४१ × २^२८ − ५^४ × २^२८. यातील शेवटचे पद म्हणजे (५ × २^७) चा चौथा घात, अर्थात ६४०^४. दोन्ही बाजूंत एक मिळवला की

२^३२ + १ = ६४१ × २^२८ − (६४०^४ − १).

कंसातील राशीचे वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने अवयव पाडले तर ६४०^४ − १ = (६४० + १)(६४० − १)(६४०^२ + १). त्यात ६४१ हा अवयव समोर दिसतो. उजवीकडील दोन्ही पदांना ६४१ ने भाग जातो, म्हणून डावीकडेही जातो. भागाकार हवा असेल तर तोही याच ओळीत आहे: २^२८ − ६३९ × ४,०९,६०१ = २६,८४,३५,४५६ − २६,१७,३५,०३९ = ६७,००,४१७.

दहावीच्या विद्यार्थ्याला पूर्ण समजेल अशी ही सिद्धता आहे, आणि शाळेत ती फळ्यावर एकदा तरी लिहिली जावी असे मला मनापासून वाटते.

पण ऑयलर यांना ६४१ सापडली कशी?

सरसकट मूळ संख्यांनी भाग देत गेलो असतो तरी ६४१ ही ११६ वी मूळ संख्या असल्याने काम अशक्य नव्हते, फक्त कंटाळवाणे होते. ऑयलर यांनी नंतर जी पद्धत सविस्तर मांडली, ती कितीतरी अधिक सुंदर आहे.

समजा, क या मूळ संख्येने २^३२ + १ ला भाग जातो. मग २^३२ ला क ने भागल्यास बाकी −१ मानता येते. वर्ग केला की २^६४ ची बाकी १ येते. दोनच्या ज्या सर्वांत लहान घाताची बाकी १ येते, त्याच्या घातांकाने ६४ ला भाग गेला पाहिजे. पण त्याने ३२ ला भाग जाता कामा नये, कारण ३२ व्या घाताची बाकी १ नसून −१ आहे. ६४ चे विभाजक १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ एवढेच आहेत. त्यांपैकी ही अट फक्त ६४ पूर्ण करतो.

आता फर्मा यांचेच प्रमेय वापरायचे. क ही विषम मूळ संख्या असेल तर दोनच्या (क − १) व्या घाताची बाकी १ असते. त्यामुळे क − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजेच आपल्या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो. अशा संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा येतात, आणि त्यांतील मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच आहेत. पाचव्या प्रयत्नात उत्तर मिळते. ११६ भागाकारांचे काम पाचांवर आले, ते केवळ विचारामुळे.

१८७८ मध्ये एदुआर ल्युका यांनी ६४ च्या जागी १२८ घेता येतात हे दाखवून ही चाळणी आणखी बारीक केली. मग ६४१ पर्यंत २५७ आणि ६४१ या दोनच मूळ संख्या उरतात.

६७,००,४१७ ही मूळ आहे याची खात्री कशी करावी?

वरील चाळणी येथे पुन्हा उपयोगी पडते. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव हा मूळच्या मोठ्या संख्येचाही अवयव असल्याने तो १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार. शिवाय संख्या संयुक्त असेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे सुमारे २,५८८ पेक्षा, मोठा नसणार. या दोन अटी पाळणाऱ्या मूळ संख्या फक्त पाच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यांनी ६७,००,४१७ ला भागल्यास अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. एकही शून्य नाही, म्हणून संख्या मूळ आहे. पाच भागाकारांत सदुसष्ट लाखांहून मोठ्या संख्येविषयी असा निर्णय देता येतो.

फर्मा यांच्याजवळ हे साधन नव्हते का?

होते. वर वापरलेले प्रमेय त्यांचेच आहे, आणि तेही १६४० याच वर्षीच्या एका पत्रात आलेले आहे. या प्रमेयाने संख्या थेट तपासायची झाली, तर दोन हा पाया मात्र येथे दगा देतो. आपल्या संख्येला ‘न’ हे नाव दिले, तर २^६४ ला न ने भागल्यास बाकी १ येते. न − १ म्हणजे २^३२ हा ६४ च्या पटीत आहे. म्हणून दोनच्या (न − १) व्या घाताचीही बाकी १ येते, जशी ती आपली संख्या मूळ असती तर आली असती. मूळ नसूनही कसोटीला उतरणाऱ्या अशा संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणता येईल. पाया तीन घेतला की हा आभास टिकत नाही. १८७७ मध्ये फ्रेंच गणिती पेपँ यांनी दोनऐवजी दुसरा योग्य पाया घेऊन, फर्मा संख्या मूळ आहे की नाही हे निर्विवाद ठरवणारी कसोटी दिली. पुढे या मालिकेतील काही महाकाय संख्याही त्याच कसोटीने तपासल्या गेल्या.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, असे ऐकले आहे. त्यात विशेष काय?

२^३२ हा ६५,५३६ चा वर्ग आहे, त्यामुळे ६५,५३६^२ + १^२ हे एक रूप सहज दिसते. विशेष हे की दुसरेही एक रूप आहे: ६२,२६४^२ + २०,४४९^२. पडताळून पाहावे, ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१ यांची बेरीज बरोबर ४,२९,४९,६७,२९७ येते.

कोणतीही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच प्रकारे लिहिता येते. दोन वेगळी रूपे सापडली याचा अर्थ संख्या संयुक्त आहे, आणि हे एकही भागाकार न करता सिद्ध होते. ही दोन रूपे येतात कोठून, हे अवयवांकडे पाहिल्यावर कळते. ६४१ = २५^२ + ४^२, तर ६७,००,४१७ = २,५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तोही सामान्यतः दोन प्रकारे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धांतात जी 'भावना' (अशा गुणाकारांची रीत) सांगितली, तिचे हे एक विशेष रूप आहे.

आकडे घालून पाहू. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६. त्यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. तसेच २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. त्यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. पहिली बेरीज व दुसरी वजाबाकी घेतली की एक रूप मिळते. पहिली वजाबाकी व दुसरी बेरीज घेतली की दुसरे. १०,२२५ आणि १०,२२४ या लागोपाठच्या संख्या निघाल्या म्हणूनच तो शेवटचा १ तयार होतो. मी हा हिशेब प्रथम मांडला तेव्हा त्या एकाकडे बराच वेळ पाहत राहिलो होतो.

उलट दिशेनेही जाता येते. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. यांचा मसावि ८. ३,२७२ ला ८ ने भागले की ४०९, आणि २०,४४८ ला ८ ने भागले की २,५५६. म्हणजे ६७,००,४१७ हा अवयव दोन रूपांतूनच हाती येतो.

दोनने लहान असलेल्या ४,२९,४९,६७,२९५ शी हिचे काय नाते आहे?

नाते फार जवळचे आहे. ३ × ५ म्हणजे १५, ते १७ पेक्षा दोनने कमी. ३ × ५ × १७ म्हणजे २५५, ते २५७ पेक्षा दोनने कमी. याच रीतीने पहिल्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो आणि तो पुढच्या फर्मा संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी असतो. त्यामुळे कोणत्याही दोन फर्मा संख्यांना एकाखेरीज सामाईक अवयव नसतो. असता तर त्याने २ लाही भाग जावा लागला असता, आणि या सर्व संख्या तर विषम आहेत. प्रत्येक फर्मा संख्या निदान एक नवी मूळ संख्या पुरवते, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत, ही सिद्धताही यातून आपोआप मिळते. ऑयलर यांनी तपासायच्या पाच मूळ संख्यांतून २५७ आधीच वगळता आली असती, तीही याच कारणाने.

भूमितीत या दोन शेजाऱ्यांचे नशीब मात्र वेगळे आहे. १७९६ मध्ये गाउस यांनी सतरा बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि खुणा नसलेली पट्टी एवढ्यावर काढता येतो हे दाखवले. पुढे असे ठरले की बाजूंची संख्या विषम असेल, तर ती मूळ असलेल्या वेगवेगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार (किंवा तशी एकच संख्या) असली तरच अशी रचना शक्य होते. यातील 'तरच' हा भाग १८३७ मध्ये वान्तझेल यांनी सिद्ध केला. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि बाजूंची संख्या विषम असलेल्या अशा ज्ञात बहुभुजांत तोच सर्वांत मोठा आहे. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट घराघरांत माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट असे ठेवत गेल्यास चौसष्ट घरांतील एकूण दाणे २^६४ − १ होतात. वरच्या नियमाने हा आकडा म्हणजे पहिल्या सहा फर्मा संख्यांचा गुणाकार. त्यामुळे त्या सर्व दाण्यांच्या ६४१ समान राशी करता येतात, एकही दाणा न उरता.

ही कापरेकर संख्या किंवा हर्षद संख्या आहे का?

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्यामुळे हे दोन्ही प्रकार मराठी वाचकांना परिचित आहेत, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. तिच्या अंकांची बेरीज ५९ आहे. हर्षद संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जावा लागतो. ६४१ आणि ६७,००,४१७ हेच मूळ अवयव असल्याने ५९ ने भाग जाणे शक्य नाही. कापरेकर संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत यावी लागते, आणि त्यासाठी तिला ९ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ असणे आवश्यक असते. आपल्या संख्येची बाकी ५ आहे, त्यामुळे वर्ग काढण्याचे कष्टही वाचतात.

तिला किती विभाजक आहेत?

चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. चौघांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६ होते. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या ६४० × ६७,००,४१६, म्हणजे ४,२८,८२,६६,२४० आहेत.

संगणकाच्या संदर्भात हे आकडे वारंवार का दिसतात?

बत्तीस द्विमान अंकांच्या जागेत एकूण २^३२ वेगवेगळ्या नोंदी मावतात, आणि त्या शून्यापासून मोजल्या की सर्वांत मोठी नोंद ४,२९,४९,६७,२९५ ही असते. इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीतील पत्त्यांची एकूण संख्याही २^३२ एवढीच आहे. आपली संख्या या मर्यादेच्या किंचित पलीकडे राहते.

पुढच्या फर्मा संख्यांचे काय झाले?

सहावी संख्या २^६४ + १. तिचा २,७४,१७७ हा अवयव लाँद्री यांनी १८८० मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर शोधला. सातवीचे पूर्ण अवयव १९७० मध्ये, आठवीचे १९८० मध्ये आणि नववीचे १९९० मध्ये संगणकाच्या साहाय्याने मिळाले. बारावीचे अवयव अजून पूर्णपणे पाडले गेलेले नाहीत. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे पेपँ यांच्या कसोटीने सिद्ध झाले आहे, तरी त्यांचा एकही अवयव हाती आलेला नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त निघाल्या आहेत. मालिकेत घातांक दुप्पट होत असल्याने संख्या मूळ असण्याची शक्यता पायरीगणिक साधारण निम्मी होत जाते, म्हणून ६५,५३७ हीच शेवटची फर्मा मूळ संख्या असावी असे बहुतेक गणितींना वाटते. सिद्धता मात्र कोणाजवळही नाही. तेहेतिसाव्या संख्येत अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत, आणि ती मूळ आहे की संयुक्त याचा निर्णय व्हायचा आहे.